कास्टेलेटचा पाचवा कोपरा

निवृत्ती गांगुर्डे यांनी छत्तीस वर्षं सरकारी मोजणीदार म्हणून लोकांच्या जमिनी मोजल्या. पेठपासून मनमाडपर्यंतचे बांध तुडवले. सुटी मिळाली की रामशेज, अंकाई, साल्हेर. हे किल्ले डोंगर वळेल तसे वळलेले. सपाट जमिनीवर आखून बांधलेला चांदणीच्या आकाराचा किल्ला मात्र त्यांनी नकाशातच पाहिला होता. म्हणून २००६ साली लेकीने, दीपमालाने, कोपनहेगनचं तिकीट पाठवलं तेव्हा त्यांनी पहिलं विचारलं, “चांदणीचा किल्ला तुमच्याच गावात ना?”

जावई हेमंतराव त्यांना त्या किल्ल्यावर, कास्टेलेटला, घेऊन गेले. पूल ओलांडला आणि निवृत्तीरावांचा चेहरा पडला. गवताचे उंचवटे, खंदकाचं पाणी, लाल बराकी, एक पवनचक्की. चांदणी कुठेच नाही.

“वरून दिसते नाना, विमानातून.”

“मी काय घार आहे?” ते म्हणाले, आणि पायमोजणी सुरू केली. पावलं मोजायची, वळण आलं की वहीत रेघ ओढायची. दुसऱ्या कोपऱ्यावर हेमंतरावांनी हाक मारली, “नाना, तो जलपरीचा पुतळा बघून घेऊ, पार्किंगची वेळ संपतेय.” आकडा चुकला. जलपरीशेजारच्या फोटोत निवृत्तीराव भांडायला उभे असल्यासारखे दिसतात.

पुढच्या खेपेला पाऊस आला नि वहीचं पान भिजलं. तिसऱ्यांदा, परतीला दोन दिवस उरलेले असताना, ते घरात कुणाला न सांगता बसने एकटेच गेले. गुडघा ठणकत होता, पण चार कोपरे चोख झाले. पाचव्याकडे वळताना एका तरुण सैनिकाने हसून काहीतरी विचारलं. निवृत्तीराव गडबडले. “मेजरमेंट,” एवढंच तोंडातून निघालं. मग घाबरून त्यांनी खिशातला दीपमालाचा नंबर पुढे केला.

ती ऑफिसातून धावत आली. सैनिकाने वही चाळली, चित्राचं कौतुक केलं, वही परत दिली. तरीही दीपमाला त्यांना दंडाला धरून बाहेर घेऊन निघाली.

“अगं, एकच कोपरा राहिलाय!”

“नाना, लष्कराच्या जागेत मोजमाप कोण करतं? मी मीटिंग सोडून आलेय.”

“लाज वाटते का माझी?”

“जीव घाबरा झाला होता माझा,” ती म्हणाली, आणि रडायला लागली. ते तिच्याबरोबर बसमध्ये चढले.

नाशिकला परतल्यावर त्यांनी मोठ्या कागदावर नकाशा काढला. चार टोकं सुरेख उतरली. पत्नी यशोदाबाई म्हणाल्या, “पाचवं तसंच असणार. अंदाजाने काढा की.”

“न मोजता रेघ मारू?” ते एवढ्या जोरात ओरडले की त्या स्वयंपाकघरात निघून गेल्या.

महिन्याने दीपमालाचं पाकीट आलं. आत किल्ल्याचा आकाशातून घेतलेला फोटो होता, पाची टोकांसकट. निवृत्तीरावांनी तो बराच वेळ पाहिला, मग पुन्हा पाकिटात सारला. रविवारी तिचा फोन आला. “मिळाला ना नाना? आता झालं समाधान?”

“फोटो चांगला आहे,” ते म्हणाले. “आईशी बोल.”