मे महिन्यातला थिनर

आधीच माफी मागतो. नववीत शाळा सुटली, त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घ चुकणार आणि शब्दही साधेच येणार. समजून घ्या.

आमच्या शेडमध्ये किस्से सांगायला म्हणून कोणी बसत नाही. पॉलिश पेपरने गाडी घासताना हात गुंतलेले आणि तोंड रिकामं असतं. एक जण सुरू करतो, दुसरा भर टाकतो. पावसाळा लागेपर्यंत इतके किस्से जमतात की कोणता खरा आणि कोणता वाढवलेला, हे आम्हालाच कळत नाही. मी फक्त माझ्या डोळ्यांसमोरचे, आणि एक खुद्द आमच्या उस्तादांच्या तोंडून ऐकलेला, एवढेच सांगतो.

शेड गोंदियाजवळ फुलचूरला, रस्त्याच्या कडेला. चारही बाजूंनी पत्रा, वरूनही पत्रा. जीप, ट्रॅक्टर, ऑटो रंगवायचं काम. आम्ही तिघं. स्प्रे गन चालवायचे प्रकाशभाऊ, आमचे उस्ताद. पिचकलेला पत्रा हातोडीने सरळ करायचा मुन्ना, तो हिंदीवाला. घासाई आणि रंग कालवणं माझ्याकडे. रंग पातळ करायला थिनर, गन धुवायला थिनर, हात धुवायलाही थिनरच.

प्रकाशभाऊंनी जन्मात दारूला हात लावला नाही. सकाळी बुद्धवंदना घ्यायची, दारू न पिण्याच्या शीलासकट पाचही शीलं म्हणायची, मगच जेवणाचा डबा उचलायचा. तरी उन्हाळा लागला की संध्याकाळी घरी जाताना ते झुलायचे! हिवाळ्यात मात्र सरळ. तोच थिनर, तेच काम, तोच माणूस! आमचं डोकंच चालत नव्हतं.

*

एका मे महिन्यात शेडच्या मालकांना, शेठना, दया आली. त्यांनी शेडमध्ये कूलर आणून लावला. आम्ही इतके खूश की मुन्ना त्याच्यासमोर बनियन वर करून उभा राहिला.

त्या दिवशी जवळच्या गोरेगावच्या एका शेतकऱ्याच्या ट्रॅक्टरचं बोनेट काळ्या रंगात मारलं. सुकलं तेव्हा त्यावर पांढुरकी झाक! कूलरची ओल रंगात शिरली होती.

शेतकरी बोनेटभोवती फिरला. "मी काळा सांगितलो होतो. हे राखेत लोळवले का जी?"

कूलर शेठच्या ऑफिसात गेला. मुन्ना म्हणाला, "गाड़ी को हवा नहीं चलती. आदमी को चलती है, पर आदमी को बेचना थोड़ी है!"

दारंखिडक्या तर बंदच ठेवायच्या. लूचा गरम वारा सुटला की ओल्या रंगावर धूळ बसते. म्हणजे आत आम्ही, थिनरचा वास आणि तापलेला पत्रा.

*

आता आमची अक्कल ऐका. थिनर अंगाला लागला की एकदम गार वाटतो. कूलर गेल्यावर भाऊंनीच शोध लावला. फडकं थिनरमध्ये बुडवायचं आणि मानेवरून, दंडांवरून फिरवायचं. घामाने भिजलेल्या अंगावर असा गारवा यायचा की डोळे मिटावेत!

मीही लावायचो. तिघंही लावायचो. दुपारी तीनच्या सुमारास मुन्ना हातोडी शोधत होता.

"मेरी हथौड़ी किसने ली बे?"

हातोडी त्याच्या हातात होती. भाऊंनी आणि मीही त्याच्यासोबत ती सगळ्या शेडभर शोधली!

*

शेठचा एकच इलाज, गूळ. "गुड़ खाओ, सब निकल जाता है।" सगळे पेंटर गूळ खातात, आम्हीही खायचो. काय निकल जाता है, ते कोणी विचारलं नाही.

एकदा भाऊंनी गुळाचा खडा पांढऱ्या जिपेच्या टपावर ठेवला आणि विसरले. मुंग्या लागल्या. उन्हाने डोकं जड झालेलं, कोणी पाहिलंच नाही. भाऊंनी वरून रंगाचा शेवटचा हात मारला.

गिऱ्हाईक टाचा उंचावून टपाकडे बघत राहिलं. "हा गोळा आणि हे दाणे दाणे काय आहे?"

मुन्ना गंभीरपणे म्हणाला, "साहब, नया डिज़ाइन आया है।"

*

हसायला ठीक आहे, पण भाऊंच्या घरी हसू नव्हतं. वहिनींना वाटायचं, हा माणूस चोरून पितो आणि सकाळी शीलं म्हणतो. तोंडाचा वास घेतला तर दारूचा नाही. मग कसला? शेवटी त्यांनी शेजारच्या काकांना बोलावलं. त्या विषयातला मोठा अनुभव!

काकांनी भाऊंचं तोंड हुंगलं. डोळे मिटले. पुन्हा हुंगलं.

"देशी नाही. मोहाचीबी नाही." मग भाऊंच्या कानाजवळ येऊन हळूच म्हणाले, "कुठं भेटते बाप्पा? मलेबी सांग ना!"

झालं! वहिनींनी भाऊंना सांगून टाकलं, "अजून एकदा असे आले, तं मी पोरीले घेऊन गोरेगावले माहेरी जाते. मंग बसा वंदना म्हणत."

दुसऱ्या दिवशी हे भाऊंनीच आम्हाला सांगितलं. रात्री त्या पोरीशिवाय ते जेवत नसत.

*

मग भाऊ गोंदियाला डॉक्टरकडे गेले. मी आणि मुन्ना सोबत. डॉक्टर भला माणूस. म्हणाला, "गरमीत थिनर जास्त उडतो. तुमचा श्वास जोरात चालतो, म्हणून तो आत जास्त जातो. अंग तापलं की रक्त कातडीजवळ येतं. घामाने भिजलेली कातडी तर त्याला वाटच देते. आणि तुम्ही वरून अंगाला चोळता?"

मुन्नाने विचारलं, "तो ठंड में थिनर सो जाता है क्या?"

"अंगात जातो तेव्हाही, पण कमी जातो. दुपारी काम करू नका, मोकळ्या हवेत करा."

शेठना सांगितलं, तर ते म्हणाले, "दोपहर में ही तो रंग जल्दी सूखता है!"

वहिनींना सांगितलं, तर त्या म्हणाल्या, "कातडीतून चढते म्हणे! मी तं तोंडातून चढणारीच आयकली होती."

अंगाला चोळणं आम्ही सोडलं. झुलणं काही सुटलं नाही.

*

एका दुपारी शेडचं दार वाजलं. उघडतो तर वहिनी! सरळ आत आल्या, उलट्या ड्रमवर बसल्या, पदर नाकाला लावला.

"बाटली कुठं ठेवता ते पाहाले आली. मी हालत नाही."

"अवं, घरी जाय. इथं गरमी किती हाय!" भाऊ म्हणाले.

"रोज करता तसंच करा. मी नाही असं समजा."

लग्नाची जीप होती, संध्याकाळी द्यायची. शेठ बाहेरून ओरडत होते. भाऊंनी दार लावलं आणि गन उचलली.

आधी वहिनी खोकल्या. मग मुन्नाच्या हातोडीच्या ठोक्याला हसू लागल्या. पदर कधीचा खांद्यावर आला होता.

"अहो," त्या म्हणाल्या, "मी आली तवा एकच जीप होती ना? ही दुसरी कोणं आणली?"

भाऊंनी गन फेकली. आम्ही त्यांना बाहेर झाडाखाली बसवलं, पाणी दिलं. थोड्या वेळाने दोघं घरी निघाले. तिने त्याला धरलेलं, त्याने तिला. मी मागे सायकल घेऊन. रस्ता सरळ होता, ती दोघं नव्हती.

ओट्यावर भाऊंचे वडील बसले होते. उठून उभे राहिले.

"एकाले आणाले गेली होती," आबाजी म्हणाले, "आता दोघंबी!"

वहिनींना मोरीजवळ उलटी झाली. तोंड धुऊन त्या ओट्यावर भाऊंच्या बाजूला बसल्या. त्यांनी भाऊंचा हात उचलला, हुंगला, आणि तसाच नाकाशी धरून बसून राहिल्या. आबाजी काही विचारत होते. "रोज येते तो वास हाच हाय," वहिनी म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सगळ्यांच्या आधी शेडवर गेलो आणि मागच्या भिंतीचे पत्रे नट खोलून उतरवले. शेठ आले, बघतच राहिले. "अरे, रंग पे धूल बैठेगी तो?"

"बसू द्या," मी म्हणालो. "मी पुन्हा घासीन."