सांबराचं मुंडकं आणि वाडीतला डोह

मेलेल्या हरणांची मुंडकी गोळा करणं हे माझं काम. लग्नकार्यात कोणी विचारलं तर "जनावरांची डॉक्टर" एवढंच सांगते; पुढचं ऐकून जेवण कोणाला जाणार? परदेशात हरणांना एक रोग होतो, त्यात मेंदूची चाळण होते आणि जनावर झिजून मरतं. आपल्याकडे तो सापडलेला नाही. पण नाही म्हणायलाही मुंडकं तपासावं लागतं, आणि ते ताजं लागतं. ताजं मला मिळत नाही. शेतात मेलेलं सांबर दिसलं की लोकांना शिकारीच्या केसची धास्ती. गुपचूप ओढ्यात ढकलून देतात. मी पोचते तेव्हा हाडं उरलेली असतात.

किन्हवलीपलीकडच्या वाडीतल्या एका बाईने मात्र हिवाळ्यात स्वतःहून फोन केला. खंगलेलं, लाळ गाळणारं सांबर डोहाकाठी मेलं होतं आणि तिची गाय त्याच डोहावर पाणी प्यायची. लाळ्या-खुरकूत असला तर गाय गेलीच. प्रेतावर ओली पोती टाकून, कुत्री हाकत ती बसून राहिली. मी मुरबाडहून निघाले, तर म्हसा गावच्या जत्रेला चाललेल्या बैलांच्या टेम्पोंनी रस्ता तुंबलेला. पोचेपर्यंत ऊन कललं. मुंडकं बर्फात घालून पाठवलं. अहवाल आला: नमुना खराब, निष्कर्ष नाही.

"मंग गाय सोडू का नको डोहावर?" तिने विचारलं.

"नको," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार होते?

तेव्हापासून ती विहिरीवरून हंडे आणून गाईला पाजू लागली. सगळी चढाची वाट. मी वाडीत गेले की डोक्यावर हंडा घेऊनच भेटायची. "काय समजला का?" एवढंच विचारायची. मला तिच्यासमोर जायची लाज वाटू लागली, आणि रागही यायचा. तिचा नाही, या कामाचा.

चैत्रात पुन्हा तिचा फोन आला. तसंच खंगलेलं दुसरं सांबर वाडीबाहेरच्या शेतात मेलं होतं. "पोती टाकलीत. या टायमाला उशीर नका करू." नाही केला.

या वेळी अहवाल स्वच्छ आला. परदेशी रोग नाही, लाळ्या-खुरकूत नाही. मग सांबर खंगलं कशाने, ते कोणालाच कळलं नव्हतं, पण त्या क्षणी मला त्याची पर्वा नव्हती. लगेच तिला फोन लावला.

"काही नाही निघालं. गाय सोडा डोहावर."



"डोह तर कवाच आटला, म्याडम," ती म्हणाली. "बरा झाला, समजला तरी. ठेवते आता. गाय तानेली हाय, पानी आनायचाय."