मास्तरांचे पैसे चालत नाहीत

समस्त ग्रामस्थांस अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते, की पाळी गावात माझे पैसे चालत नसत. नोटा खऱ्या होत्या. चालत नसत ते एकाच ठिकाणी, ट्रक तोलायच्या काट्यासमोर चहाचा गाडा चालवणाऱ्या बायच्या डब्यात.

तो डबा आजारपणाचा. महिन्याला शंभर रुपये घालायचे, कुणी अंथरुणाला खिळला की त्याचे औषधपाणी त्यातून व्हायचे. कोणी घालायचे ते बाय ठरवी आणि त्यांची नावे वहीत लिही. ट्रकवाले, मजूर, पाव विकणारा पोदेर हे चालत. साठी ओलांडलेल्यांनी फक्त घ्यायचे. ज्याच्या इलाजाचा भार दुसरा कुणी उचलतो, त्याने डब्याला हातही लावायचा नाही. मी सरकारी शाळेतला मास्तर. नोट पुढे केली की ती झाकणावर तळवा दाबून म्हणे, "मास्तर, तुमचें चलना. तुमका सरकार आसा."

आता तुम्हीच सांगा, सरकार काय पेज घेऊन येते? वहीतला माणूस आजारी पडला, की बाय गाडा बंद करून पेज घेऊन जाई, उशाशी बसे आणि तो उठेपर्यंत त्याला शिव्या घाली. तुम्हीही जळला असता.

मी वाट काढून पाहिली. "पोदेराच्या नावाने घालतो."

"तें चलता," ती म्हणाली. "पूण पेज पोदेराक."

माझे घर हळर्णला, पाळीत मी भाड्याच्या खोलीत एकटा. एकदा तीन दिवस तापाने फणफणलो. नेमकी तेव्हाच शेजारच्या खोलीतल्या ट्रकवाल्याची कंबर धरली. सकाळ-संध्याकाळ दोन्ही वेळा बाय माझ्या दारावरून गेली. भिंतीपलीकडून भाजलेल्या सुक्या सुंगटांचा, म्हणजे कोळंबीचा, वास आणि "गिळ मरे, मेल्या" असे लाडाचे शब्द येत. मी खोकलो. ताप खरा होता, खोकला ठेवणीतला.

"मास्तर," पलीकडून बायने वाट दाखवली, "सरकारी दवाखान्यांत वचात."

गेल्या पावसाळ्यात बाय गेली. वही आणि डबा माझ्या शेजारच्या त्या ट्रकवाल्याकडे आला. बाराव्यानंतर आम्ही गाड्यापाशी जमलो, तर जो तो मोजत होता, आपल्याकडे ती कितीदा आली. पोदेर म्हणाला, "चारदा." त्यातली एक खेप माझ्या पैशांची.

मी ट्रकवाल्यापुढे नोट धरली. त्याने ओशाळून वहीचे शेवटचे पान दाखवले. ज्यांचे घ्यायचे नाही त्यांची यादी, बायच्या हातची. माझे नाव सगळ्यांत वर आणि पुढे लिहिलेले, 'सरकारी. गरज ना.'

सगळे माझ्याकडे पाहत होते, आणि माझ्या तोंडून निघून गेले, "गरज ना म्हूण तिका कोणें सांगलें?"