कोर्ट नंबर दोनवरचा ठसा

आधीच सांगून ठेवतो — असल्या गोष्टींवर माझा काडीचा विश्वास नव्हता. या सदरातले अनुभव मी बायकोला मोठ्याने वाचून दाखवायचो, ते निव्वळ टिंगल करायला. आता हा ती मला वाचून दाखवेल... असो.

मी यवतमाळच्या एका शाळेत पीटी शिकवतो. गेल्या हिवाळ्यात लोहाऱ्याला, औद्योगिक वसाहतीच्या अलीकडच्या क्लबवर महिलांची व्यावसायिक टेनिस स्पर्धा झाली. मातीची तीन कोर्टं. लाइन अंपायर कमी पडत होते, म्हणून आम्हा पीटीवाल्यांना दोन दिवस शिकवून उभं केलं. मला टेनिसमधलं एवढंच ठाऊक होतं की मध्ये जाळी असते. पण पांढरी टोपी आणि दुपारचं जेवण मिळणार म्हटल्यावर मी लगेच हो म्हणालो. पहिल्याच दिवशी एका सुंदर फटक्याला मी टाळ्या वाजवल्या. अंपायरने वाजवायच्या नसतात म्हणे.

महिला दुहेरीत आपल्या जिल्ह्याची एक जोडी होती. मारेगावची शीतल आणि आर्णीची नाझनीन. नऊ वर्षं दोघी एकत्र खेळताहेत. उपांत्य फेरीत त्यांनी पहिला सेट जिंकला. दुसरा टायब्रेकपर्यंत गेला, आणि अगदी मोक्याच्या क्षणी शीतलने उंच लॉब मारला — थेट मी सांभाळत होतो त्या मागच्या रेषेवर, बेसलाइनवर.

त्या क्षणी मी कुठे बघत होतो? आलूबोंड्यांचा ट्रे तंबूत शिरत होता, तिकडे.

चेंडू दिसला नाही तर दोन्ही हात डोळ्यांवर ठेवायचे, असा नियम आहे. पण कठड्यावर माझ्या शाळेची अख्खी नववी बसली होती. त्यांच्यासमोर डोळे झाकून उभा राहू? मी ठणकावून ओरडलो, "आउट."

शीतल धावत आली. "सर, लाइनले लागला तो."

मातीच्या कोर्टावर चेंडूचा ठसा उमटतो. खुर्चीवरच्या अंपायर मॅडम खाली उतरल्या आणि मला म्हणाल्या, "ठसा दाखवा." तिथे पन्नास ठसे होते. मी वाकलो आणि रेषेच्या चार बोटं बाहेरच्या एका ठशावर बोट ठेवलं. इतक्या आत्मविश्वासाने मी लग्नातही हार घातला नव्हता.

शीतल नाझनीनकडे वळली. "तू नेटपाशीच होती ना? सांग त्याईले."

नाझनीनने बेसलाइनकडे एकदा पाहिलं. "मले बाहेरच वाटला, शीतल."

झालं. सेट गेला. एक-एक बरोबरी झाली आणि उजेडही संपला. तिसऱ्या सेटऐवजी दहा गुणांचा निर्णायक टायब्रेक दुसऱ्या दिवशी सकाळी आठला ठरला. बॅग भरता भरता शीतल म्हणाली, "उद्याचं खेळून टाकू. मंग तू दुसरी पार्टनर पाह्य."

"काहून? खोटं बोलाव का मी?"

"एकदा माह्या बाजूनं बोलाव."

हे सगळं माझ्यापासून दोन हातांवर. नऊ वर्षांची जोडी माझ्या एका बोटाने मोडत होती, आणि मी आलूबोंडा खात होतो.

कोर्टाची देखभाल करणारे बापूराव पाणी मारायला आले, तेव्हा मी तिथेच रेंगाळलो. खरं सांगतो, पुरावा नष्ट होताना बघायचा होता. त्यांनी माती सारखी करायची जाळी कोर्टभर ओढली, पाणी शिंपडलं, रोलर फिरवला, रेषांवर पुन्हा चुना मारला. एकही ठसा उरला नाही. मधली नेट काढून ठेवली, फाटकाला कुलूप लावलं, किल्ली त्यांच्या कमरेला. मी निर्धास्त घरी गेलो.

सकाळी सातला पोचलो तर बापूराव बेसलाइनपाशी कमरेवर हात ठेवून उभे.

"मास्तर, याले काय म्हणाव आता?"

गुळगुळीत कोर्टावर एकच ठसा. अंड्याच्या आकाराचा, अर्धा मातीत, अर्धा ताज्या चुन्यावर. बापूरावांच्या पावलांखेरीज एकही पाऊल नाही. दुसरा टप्पा नाही, कुठे चेंडू पडलेला नाही. कुत्रं आलं असतं तरी ओल्या मातीत उमटलं असतं. आणि ठशाची ओढ तिरपी, शीतलचा लॉब जिकडून आला होता बरोबर त्याच बाजूने.

बापूरावांनी त्यावरून दोनदा झाडू ओढला. तो हलला नाही. तिसऱ्यांदा त्यांनी झाडूच खाली ठेवला. "मी नाही हात लावत. तुमचं तुमी पाहा."

ही भानगड माझी आहे, हे त्यांना कसं कळलं, देव जाणे.

दोघी आल्या, वेगवेगळ्या. मी दोघींना त्या ठशापाशी नेलं आणि सांगून टाकलं. चेंडू मी पाहिलाच नव्हता. दिसला त्या ठशावर बोट ठेवलं होतं.

"मंग कायले ठेवलं, सर?" शीतलने विचारलं.

"पोरं पाहून राह्यली होती माझ्याकडे."

"आमच्याकडं बी पाहून राह्यली होती."



नाझनीन गुडघ्यावर बसून ठशाकडे बराच वेळ बघत राहिली. "लागलाच होता गं. पण मले खरंच बाहेर दिसला."

"माहीत हाय. काल तू खोटं बोलली असती तं मले बरं वाटलं असतं."

"आज बी नाही बोलणार."

"नको बोलू. चाल, हात गरम करू."

मी स्पर्धेच्या मुख्य रेफरी मॅडमकडे जाऊनही कबुली दिली. गेलेला गुण परत मिळत नाही, असं त्यांनी सांगितलं आणि माझी टोपी काढून घेतली. टायब्रेक मी प्रेक्षकांतून बघितला. आठ-आठ असताना समोरच्यांचा एक चेंडू रेषेपाशी पडला. लाइनवरचा माणूस "आउट" म्हणाला. नाझनीनने ठसा पाहिला आणि स्वतःच सांगितलं की चेंडू आत आहे. मी शीतलच्या तोंडाकडे बघत होतो. तिने होकारार्थी मान हलवली आणि पुढच्या सर्व्हिससाठी जागेवर जाऊन उभी राहिली.

त्या हरल्या. दहा-आठ.

पण तासाभराने रेफरीच्या टेबलावर पुढच्या स्पर्धेचा दुहेरीचा अर्ज भरत होत्या. नाझनीन लिहीत होती आणि शीतल वरून सांगत होती, "माह्यं नाव नीट लिही वं, मागच्या वेळी वाचता बी नव्हतं आलं."

इकडे बापूरावांनी पुन्हा झाडू ओढला. तो ठसा पहिल्याच फटक्यात गेला, बाकीच्यांसारखा.

माझा इंजिनिअर भाचा म्हणतो, खालची दबलेली माती ओलाव्याने वर येते. असेल. मग बाकीचे शेकडो ठसे का नाही आले, असं विचारलं की तो फोन बघतो. माझ्याकडे तर बघायला फोनही नाही. तो मी त्याच दिवशी बापूरावांच्या पाण्याच्या बादलीत पाडला होता.