अर्ध्या साच्यातलं कोकरू

आमच्या घरात नवीन म्हणून काही येत नसे. उमेळ्याच्या त्या दोन खोल्यांत जे होतं ते कुणाच्या तरी घरून निघालेलं. माझे फ्रॉक, भावाचं दप्तर, भिंतीवरचं घड्याळसुद्धा. बाबा दुसऱ्यांच्या केळीच्या वाड्यांना पाणी लावत आणि आई जवळच्या पापडी गावात एका बंगल्यात स्वयंपाक करी. केकचा तो साचा तिथूनच आला. पाय दुमडून, मान ताठ करून बसलेलं अ‍ॅल्युमिनियमचं कोकरू. डावा आणि उजवा असे दोन भाग जोडले की ते पूर्ण होई. त्यातला एक भाग बंगल्यात हरवला, म्हणून उरलेला आईला मिळाला.

साचा पुरा होता तेव्हा दर ईस्टरला आईच तिथे कोकरू भाजायची, त्याच्या गळ्यात लाल फीत बांधून टेबलावर ठेवायची. ते कापलं जाईपर्यंत ती मागच्या दाराने घरी निघालेली असे.

आमच्याकडे ओव्हन कुठला? भाऊ राजोडीच्या किनाऱ्यावरून वाळू आणायचा. ती मोठ्या टोपात तापवून आई त्यात साचा ठेवी आणि झाकणावर निखारे. साचा अर्धा, त्यामुळे आमचं कोकरू ताटात एका कुशीवर आडवं पडलेलं असे.

"मेलंय ते," भाऊ म्हणायचा.

"झोपलंय. गप खा." मग तीच पुटपुटायची, "येशू उठला म्हनून सन, आनि आपलं मेलं आडवंच. एकदा तरी माझ्या घरात ताठ बसू दे."

बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला मी ते मनावर घेतलं. आमच्या घराण्यात कॉलेजात गेलेली मी पहिली. मला वाटलं, यात अवघड काय? एकाच साच्यात दोनदा भाजायचं आणि सपाट बाजूला सपाट बाजू लावून चिकटवायचं. भाजलं. जामने चिकटवलं. ताटात बसवलं आणि पाहते तो दोन्ही टोकांना एकेक डोकं! दोन्ही अर्धी एकाच बाजूची होती, हे शिकलेल्या डोक्यात आलंच नव्हतं.

भावाने ताटाभोवती एक फेरी मारली. "ताई, हे येतंय का जातंय?"

आई पदर तोंडाला लावून खाली बसली. हसून हसून तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. "बाय, दोन तोंडांची मान्सं मी लय बघितली. कोकरू आज बघितलं! आनि हिला म्हने कालेजात सायन्स शिकवतात." मग डोळे पुसून म्हणाली, "र्‍हाऊ दे. पुढच्या ईस्टरला नीट बसवू."

निकाल लागला तेव्हा ती होती. पापडीच्या बाजारात भाजीवालीलासुद्धा थांबवून सांगत होती, "माझी पोरगी ग्रॅज्युएट झाली." नाताळाच्या आधी तिला कावीळ झाली. आठवड्याभरात डोळे, नखं, सगळं पिवळं पडलं. इस्पितळातून आम्ही तिला घरी आणलं ते पांढऱ्या चादरीत.

ईस्टर आला. मी साचा घासायला काढला तशी आते दारातच उभी राहिली. "वर्ष नाय झालं अजून. दुखवट्याच्या घरात केक? लोक काय म्हनतील?"

माझ्या हातातून साचा सुटला. बाबांनी तो उचलला. आई गेल्यापासून ते बोलणंच विसरले होते. "तिने सांगितलेलं काम आहे ते," एवढंच म्हणाले आणि निखारे फुलवायला बसले.

या वेळी एक अर्धं साच्यातून काढलं. दुसऱ्यासाठी साध्या डब्यात जाड केक भाजला, त्यावर पहिलं सपाट बाजू खाली करून ठेवलं आणि त्याच्या कडेकडेने सुरीने कापत गेले. मग दोन्ही जामने चिकटवून उभं केलं. कान तुटला, तो परत लावला. मान टिकावी म्हणून आत झावळीची काडी खोचली. भावाने लाल फीत आणली होती, दुकानातून, नवी. गाठ मला दोनदा सोडून बांधावी लागली. अशाच फितीची गाठ आईची बोटं न बघता मारायची.

चर्चमधून, ईस्टरच्या मिस्सेहून आल्यावर ताट मधोमध ठेवलं. आई जेवायला चुलीजवळ भिंतीला टेकून बसायची. ती जागा आम्ही मोकळी ठेवली होती. साच्यातली गुळगुळीत, सुंदर बाजू मी तिच्या जागेकडे केली. सुरीने खरवडलेली ओबडधोबड बाजू आमच्याकडे. भाऊ ताटाकडे वाकला. मला वाटलं आता काहीतरी बोलेल. तो रडायला लागला.

बाबांनी ते संध्याकाळपर्यंत कापू दिलं नाही. आते जाता जाता थांबली, कोकराकडे पाहून तिने क्रूसाची खूण केली.

माझ्या आईच्या घरात कोकरू ताठ बसलं. मान पडली नाही.