सकीनाचाची आणि आमची शनिवारची शेगडी

आमच्या घरची शनिवारची शेगडी पेटवणारी बाई गेली.

ती अरब होती. आम्ही यहुदी.
गाव अकोला.

कॉमेंटमध्ये राजकारण नको, प्लीज. आज माझ्या घरचं माणूस गेलंय.

सकीनाचाची. वय नव्वदीच्या पुढे. किती पुढे, ते तिलाही माहीत नव्हतं. अकोल्याहून तिच्या मुलाचा मेसेज सकाळीच आला होता. पण शब्बाथला, आमच्या शनिवारच्या विसाव्याच्या दिवशी, मी फोन बंद ठेवते. संध्याकाळी इथे इस्रायलमध्ये, लोदच्या आकाशात तीन तारे दिसले, शब्बाथ संपला, तेव्हा वाचला. तोवर तिकडे माती देऊनही झाली होती.

साठच्या दशकातली गोष्ट. बाबा रेल्वेत गार्ड होते. आमची आणि चाचीचे नवरे चाऊसचाचा यांची घरं एका भिंतीची.

चाचांचे पणजोबा अरबस्तानातून निजामाच्या फौजेत आले आणि वऱ्हाडातच राहिले. आमचे पूर्वज त्याच्याही कितीतरी आधी गलबत फुटून कोकणच्या किनाऱ्याला लागले. दोन्ही घरं मूळची समुद्रापलीकडची, आणि दोन्ही घरांत ठेचा नसला तर जेवण उतरत नसे.

शुक्रवारी दिवस मावळला की शनिवार संध्याकाळपर्यंत आम्ही विस्तव पेटवत नाही. दुसऱ्याला "पेटवून दे" असं सांगायचंही नाही.

मग आई भिंतीकडे तोंड करून म्हणायची, "आज चहाची लय आठवण येऊन राहिली बाई."

पलीकडे बांगड्या वाजायच्या. चाची यायची, आमची शेगडी पेटवायची, चहा टाकायची. स्वतःसाठी म्हणून. उरलेला आम्ही प्यायचो.
उरायचा भांडंभर.

मग बाबांनी ठरवलं, इस्रायलला जायचं.

चाचा ओट्यावर बसले होते. त्यांनी विडी खाली ठेवली.

"काहून?"

"बापजाद्यांची जमीन आहे, चाऊस."

"पाह्यली कधी?"

"तुम्ही पाहिली?"

दोघांनीही पाहिली नव्हती. पण शेताच्या धुऱ्यावरून दोन शेतकरी भांडावेत तसे भांडले.

चाचा वर्षानुवर्षं कूळ म्हणून कपाशीची जमीन कसत होते. नव्या कायद्यानं ती नुकतीच त्यांच्या नावावर झाली होती. त्यांच्या बोलण्यात दुसरं काही नसायचंच.

"कसंन त्याची जमीन. इथं हा कायदा, मंग तिथं दुसरा काहून? तिथंबी अरब मानसं पिढ्यान्‌पिढ्या कसूनच राहिले ना?"

"आम्ही जमीन विकली नव्हती, चाऊस. आम्हाला हाकललं होतं. दोन हजार वर्षं तिकडे तोंड करून प्रार्थना करतोय आम्ही."

"मंग आता तुमी कोनाले हाकलनार?"

बाबा उठून आत आले आणि कडी लावली. आमच्या दाराला दिवसाउजेडी कडी लागलेली मी पहिल्यांदाच पाहिली.

त्या शनिवारी आई भिंतीपाशी गेली. तशीच परत फिरली.
आम्ही थंड दूध प्यालो.
पुढच्या शनिवारीही तेच.

निघायच्या आधीचा शेवटचा शनिवार.

चाची मागच्या दारानं आली. कुणी भिंतीशी बोललं नव्हतं, काही नाही. तिनं शेगडीत कोळसे घातले, फुंकून फुंकून डोळे लाल करून घेतले. चहा झाल्यावर पहिला कप सरळ आईच्या हातात दिला. स्वतःसाठी म्हणून वगैरे नाटक त्या दिवशी केलं नाही.

मग हळूच विचारलं.

"बहीन, तिथं तुमाले सरकार घर देऊन राहिलं म्हन्तात. ते रिकामं हाय का?"

आईनं कप खाली ठेवला. तिच्या मनातही तेच घोळत असणार, कारण ती एकदम रडायला लागली. मग चाचीही. चहा तसाच निवला.

स्टेशनवर चाचा आले. ट्रंका त्यांनीच चढवल्या. गाडी हलेपर्यंत त्यांचं आणि बाबांचं भांडण चालू होतं. आणि गाडी हलेपर्यंत दोघांनी एकमेकांचे हात घट्ट धरून ठेवले होते.

लोदमध्ये आम्हाला जुनं दगडी घर मिळालं. अंगणात डाळिंबाचं मोठं झाड. स्वयंपाकघराच्या भिंतीवर धुराचा काळा डाग. आम्ही तिथे अजून काहीच शिजवलं नव्हतं.

बाबा चुन्याची बादली घेऊन आले. आई डागासमोर उभी राहिली.

"हा राहू द्या."

"काहून?" इतकी वर्षं शुद्ध बोलणाऱ्या बाबांच्या तोंडून वऱ्हाडी निघालं.

"कुण्यातरी चाचीची चूल आहे ही."

बाबांनी बाकीची भिंत रंगवली.

इथे पोचल्यावर बाबा जमिनीवर डोकं टेकून लहान मुलासारखे रडले होते. मी पाहिलंय. ते रडणं खोटं नव्हतं, कुणी मला तसं सांगू नये. आणि पुढे दर वर्षी चुना देताना तो डाग तेवढा सोडायला ते एकदाही विसरले नाहीत. तेही मी पाहिलंय.

पुढे माझं लग्न झाल्यावर एकदा अकोल्याला गेले. चाचा हयात नव्हते. चाचीनं मला कुरवाळलं, आईबाबांची चौकशी केली, तो प्रश्न मात्र परत विचारला नाही. शनिवार होता. तिनं चहा टाकला.
स्वतःसाठी म्हणून.

चाची, आईला जमलं नाही ते मी सांगते.

घर रिकामं नव्हतं. रिकामं केलेलं होतं.

आमच्या आधी तिथे राहणाऱ्या त्या अरब बाईचं नाव आम्हाला कधी कळलं नाही. ती कुठे गेली, तेही नाही. तिच्या चुलीचा डाग पुसला नाही, एवढंच आमच्या हातून झालं. ते पुरेसं नाही हे मला कळतं.

अल्लाह तुला जन्नत देवो. तिथे आई भेटेल. तिला सांग, डाग अजून आहे.

शब्बाथ संपलाय. गॅस मीच पेटवू शकते आता. तरी केव्हाची भिंतीकडे तोंड करून बसलेय.

आज चहाची लय आठवण येऊन राहिली, चाची.