पाक न झालेली चिक्की

आबांना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, डायबेटिस निघाला तेव्हा सगळ्यात जास्त घाबरल्या त्या सासूबाई. त्यांनी घरातला गूळ माळ्यावर चढवला आणि शिडी शेजाऱ्यांकडे नेऊन ठेवली. आबांनी उभी हयात लोणावळ्यात चिक्कीच्या कारखान्यात पाक हलवण्यात घालवलेली. फिका चहा त्यांच्या घशाखाली उतरेना.

मी डॉक्टरांना कृत्रिम गोडव्याच्या गोळ्यांबद्दल विचारलं. प्रमाणात घेतल्या तर चालतील, त्या गोळ्यांनी साखर वाढत नाही, असं ते म्हणाले. पण गोळी म्हणजे काही औषध नव्हे, पथ्य आणि चालणं सुटता कामा नये, हेही त्यांनी दोनदा बजावलं. एका कपाला एक गोळी पुरे होती. आबांना ती बाजरीच्या दाण्याएवढी गोळी बघून विश्वासच बसेना. माझी पाठ वळताच त्यांनी एका दाबाला एक गोळी टाकणाऱ्या डबीचं बटण सहा वेळा दाबलं. पहिल्याच घोटाला त्यांचे डोळे मोठे झाले. "ह्यो चहा हाय का आमरस?" त्यांनी विचारलं, आणि सासूबाई व मी, दोघी हसत सुटलो.

त्या आनंदात मला वाटलं, मग चिक्की का नको? मी शाळेत विज्ञान शिकवते, तरी हा प्रश्न मला पडला. रविवारी भाजलेले शेंगदाणे, कढई आणि त्याच गोडव्याची पूड घेऊन आम्ही बसलो. पूड पाण्यात टाकली आणि ढवळत राहिलो. पाणी उकळलं, आटलं आणि संपलं. पाक काही झाला नाही. पुन्हा पाणी, पुन्हा पूड. तिसऱ्यांदा कढई कोरडी पडली तेव्हा सासूबाई झारा टाकून खालीच बसल्या. हसून हसून त्यांना उठता येईना.

आवाज ऐकून आबा आले. त्यांनी कढईत वाकून पाहिलं, झाऱ्यावर बोट फिरवलं.

"पाकाला अंग लागतं, पोरी. ह्यात निस्ती गोडी हाय, अंग न्हाई."

जे मला पुस्तकातून कळायला हवं होतं, ते त्यांनी एका बोटानं सांगितलं. मग कढईला चिकटलेल्या पुडीत शेंगदाणे घोळवून आम्ही तिघांनी ते गोडसर दाणे चमच्यानं खाल्ले, आबांनी मोजून दोन चमचे.

पुढच्या तपासणीत साखर उतरली होती. श्रेय रोजच्या चालण्याला आणि पथ्याला, असं डॉक्टर म्हणाले. घरी येताना लोकलमध्ये आबांनी सासूबाईंनाही गोळीचा चहा घ्यायचा आग्रह केला.

"मला कशाला?" त्या म्हणाल्या. "मी हाय तेवडी गोड लय झाली."

आमचं मळवली स्टेशन येईपर्यंत आबा हसत होते.